पाट मोकळा, पाटकरी कोण?

आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग तपासत होता. दूरच्या संगणकात लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता. फ्रॉइंड त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि 29 मार्च 2024 रोजी, ऐन गुड फ्रायडेला, त्याने जाहीर केलं की ‘एक्सझेड’ नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरवाट करून ठेवली आहे. फाइली दाबून लहान करणं एवढंच या प्रोग्रॅमचं काम. पण लिनक्सच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत तो असतो, आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. चोरवाट असलेली आवृत्ती तोवर बहुतेक ठिकाणी चाचणीच्या टप्प्यातच होती. आणखी काही महिने कुणाला पत्ता लागला नसता, तर ती जगभरच्या सर्व्हरांवर जाऊन बसली असती.

चोरवाट करणाऱ्याने कुलूप तोडलं नव्हतं. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं या प्रकल्पात इमानेइतबारे राबत होतं. चुका दुरुस्त करत होतं, सुधारणा पाठवत होतं. मूळ प्रकल्प वर्षानुवर्षं एकटा माणूस सांभाळत होता, तोही हौसेखातर. 2022 मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा सुरू झाला. कामं रखडली आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. हे बिनपगारी काम आहे, असं त्याने सांगून पाहिलं. पुढे जिया टॅनला त्याने सहकारी म्हणून आत घेतलं. त्या नावामागे कोण होतं, हे अजून उघड झालेलं नाही. ज्या कंपन्यांचे अब्जावधींचे व्यवहार या प्रोग्रॅमवर टेकले होते, त्यांच्या पगारपत्रकावर हे काम नव्हतं, एवढं मात्र उघड आहे.

खुल्या सॉफ्टवेअरचं, विकिपीडियाचं, ओपनस्ट्रीटमॅपचं कौतुक करताना बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. हे सगळं खुलं आहे. कुणीही यावं, घ्यावं, भर घालावी. रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून ही चळवळ ‘खुलं करा’ या मागणीवर उभी आहे, आणि त्या मागणीला भरघोस यशही आलं. पण खुलं झालेलं खुलं राहावं म्हणून रोज कुणाला तरी झिजावं लागतं, हे त्या कौतुकात क्वचितच येतं. सामायिक मालमत्तेचा घात खुलेपणाने होत नाही, राखण नसल्याने होतो. डिजिटल चळवळींनी आता परवान्याइतकाच राखणीचा हिशेब मांडायला हवा. मराठीपुरतं बोलायचं तर या हिशेबाची थकबाकी फारच मोठी आहे.

गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने डिसेंबर 1968 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध लिहिला. गायरान सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि गायरानाचं वाटोळं होणार, असा त्याचा सिद्धान्त. तो इतका गाजला की सामायिक म्हणजे बेवारस, हे समीकरण धोरणं आखणाऱ्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र तर्क लढवत बसण्यापेक्षा गावं पाहिली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात 1517 पासूनचा लेखी नियम होता की हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. माणसं मिळून नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंड करतात, हे ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या पुस्तकात दाखवलं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

यासाठी स्वित्झर्लंडला जायचंही कारण नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढे फेरपालट करायची. शेतकऱ्याची जमीन एकाच जागी नसे, वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्यादुकट्याच्या अंगावर न येता सगळ्यांमध्ये वाटला जाई. पाणी फिरवायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या आणि या साऱ्यावर देखरेखीला हवालदार. पाटातला गाळ काढायचं काम सगळ्यांचं. पाटकऱ्याचं मानधनही सगळ्यांच्या वर्गणीतून. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेती विहिरी आणि मोटारी आल्या, तशी ही पद्धत मोडकळीला आली. पण ती चालली तोवर कुणी म्हटलं नाही की पाणी सगळ्यांचं आहे, तेव्हा पाटकऱ्याने फुकट राबावं.

डिजिटल जगात नेमकं तेच गृहीत धरलं जातं.

लिनक्सच्या गाभ्यात एक साधी मजकुराची फाइल असते, नाव ‘मेंटेनर्स’. कोणता भाग कोण सांभाळतं याची ती हजारो ओळींची वही आहे. प्रत्येक भागापुढे एक शेरा असतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे हा भाग सांभाळायचे कुणाला तरी पैसे मिळतात. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी सांभाळतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे जमेल तशी डागडुजी. आणि ‘ऑर्फन’ म्हणजे पोरका. एवढी प्रामाणिक वही दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक कामात दिसत नाही. आपल्याकडच्या नगरपालिकांनी गटारांसाठी अशी एखादी वही ठेवली तर बहार येईल. पण ही शिस्त लिनक्ससारख्या बलाढ्य प्रकल्पाची, जिथे मोठमोठ्या कंपन्यांनी पगारी माणसं लावली आहेत. त्याच्या आधाराने जगणाऱ्या शेकडो छोट्या प्रकल्पांना ना अशी वही, ना तो पगार. एप्रिल 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेतली चूक उघडकीला आली, तेव्हा जगाला कळलं की निम्म्याहून जास्त सुरक्षित संकेतस्थळं ज्या ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रॅमवर विसंबून आहेत, त्याला वर्षाला साधारण 2000 डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. त्यानंतर पैसा आला, समित्या झाल्या. दहा वर्षांनी एक्सझेडच्या निमित्ताने तोच पाढा पुन्हा वाचावा लागला.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. भारतात इंटरनेटवरची सर्वांत मोठी लढाई जिंकली ती काही पगारी माणसांनी नाही, सामान्य वापरणाऱ्यांनीच ना? खरं आहे, आणि म्हणूनच ती लढाई जरा जवळून पाहायला हवी.

27 मार्च 2015 ला दूरसंचार नियामक ट्रायने 118 पानांचा सल्लामसलत मसुदा काढला. त्यात 20 प्रश्न होते. मुद्दा असा की काही सेवांसाठी वेगळे दर लावायची मुभा दूरसंचार कंपन्यांना द्यावी का? फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणलं होतं. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ जाहीर झालं. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. त्याविरुद्ध ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहीम उभी राहिली आणि ट्रायकडे दहा लाखांवर मेल गेले. फ्लिपकार्टने एअरटेलच्या योजनेतून अंग काढून घेतलं. ट्रायनेही कमाल केली: आलेले मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकून दिले. लोकशाही सहभागाचं असं बक्षीस दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

डिसेंबरात दुसरी फेरी झाली. फेसबुकने त्याच योजनेचं नाव आता ‘फ्री बेसिक्स’ केलं होतं. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरणाऱ्यांपुढे एक बटण ठेवलं. ते दाबलं की ट्रायला समर्थनाचा तयार मजकूर जाई. असे लाखो मजकूर गेले. ट्रायने कंपनीला सुनावलं की आमच्या प्रश्नांना उत्तरं कुठे आहेत, हा तर बहुमताचा घडवून आणलेला कौल झाला. 8 फेब्रुवारी 2016 ला भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारे नियम निघाले.

म्हणजे बटण दोन्ही बाजूंकडे होतं, आणि ते दाबणारे लोकही दोन्हीकडे होते. फरक पडला तो मजकुराने. ‘सेव्ह द इंटरनेट’च्या बाजूला मूठभर वकील, पत्रकार आणि प्रोग्रॅमर होते. त्यांनी 118 पानं वाचली, वीस प्रश्नांची उत्तरं लिहून काढली, ती साध्या भाषेत आणून लोकांपुढे ठेवली, कुणालाही बदलता येतील अशी. दहा लाख मेलांचा पाट वाहिला खरा, पण तो या लोकांनी काढला होता. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे 2016 मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन काढलं, कारण एकदा जिंकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा राखावी लागते हे त्यांना कळून चुकलं होतं. या भागाच्या बातम्या अर्थातच झाल्या नाहीत.

खुलेपणाचा दुसरा प्रश्न महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर तळं खुलं होतं, आणि पाण्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तिथे जाऊन ते पाणी प्याले, त्यानंतर दंगल झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात एवढं अंतर असतं.

सामायिक साधनांचे गोडवे गाणारं लेखन हे अंतर विसरतं. गावच्या जुन्या सामायिक व्यवस्थांत कुणाला पंक्तीत जागा होती आणि कुणाला नव्हती, हे विचारल्याशिवाय त्यांचा गौरव करणं लबाडीचं आहे. डिजिटल सामायिकतेलाही हाच प्रश्न विचारायला हवा. विकिपीडियावर ‘कुणीही संपादन करू शकतं’ हे अक्षरशः खरं आहे. तरी तिथल्या संपादकांत स्त्रियांचं प्रमाण पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, हे विकिमीडियाची स्वतःची सर्वेक्षणं सांगतात. ज्याच्याकडे रिकामी संध्याकाळ, लॅपटॉप आणि वाद घालायची उमेद आहे त्याच्यासाठी दार खरोखर उघडं असतं. बिनपगारी कामाची ही दुसरी बाजू आहे. पाटकऱ्याला काहीच द्यायचं नाही असं ठरलं की ज्याला परवडतं तोच पाटकरी होतो, आणि मग पाणी कुठे वळतं हे वेगळं सांगायला नको. क्रोएशियन विकिपीडिया जवळपास दशकभर उजव्या विचारांच्या एका छोट्या गटाच्या हातात होता. त्यांनी स्वतःला हवा तसा इतिहास लिहिला आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर काढलं. परवाना तेव्हाही खुलाच होता.

मराठीची गोष्ट खरं तर अक्षरापासून सुरू होते. डीटीपीच्या काळात मराठी प्रकाशनव्यवसायाने आपला मजकूर खासगी फॉन्टांच्या स्वाधीन केला. त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका प्रेसमध्ये जुळवलेलं पुस्तक दुसरीकडे उघडलं की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. मराठीतली कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक आणि सरकारी कागद अशा फाइलींत अडकून पडले. युनिकोड आलं, पण तेही कुणीतरी राखावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे यायला 2008 साल लागलं. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून भागवलं जाई, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला मात्र वेगळी. म्हणून एका पद्धतीने लिहिलेलं ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. ही किरकिर वाटेल, पण शब्दकोश, शोधयंत्रं, शुद्धलेखन तपासणी हे सगळं असल्या किरकिरींवरच उभं असतं किंवा कोसळतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, आयआयटी मुंबईने ‘शोभिका’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले, तेव्हा मराठीवर केवढे उपकार झाले याची कल्पना ते रोज वापरणाऱ्यांनाही नसते.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, सुरू झाला. लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे, पण त्यातल्या पुष्कळांत दोन-तीन ओळींपलीकडे काही नाही. भाषा बोलणारे आठ कोटींवर, आणि महिनाभरात तिथे हात लावणारे काही शेकड्यांपलीकडे जात नाहीत. राखण विरळ असली की काय होतं, हे स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाने 2020 मध्ये दाखवून दिलं. तिथले हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिल्याचं उघड झालं. त्याला ती भाषा येत नव्हती. शब्दकोशात पाहून इंग्रजी वाक्यांत स्कॉट्स शब्द पेरत तो बाराव्या वर्षापासून लिहीत होता, मनापासून, भाषेची सेवा म्हणून. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं ते वाचून ‘हे आमच्या भाषेतलं नाही’ म्हणणारं कुणी तिथे नव्हतं, दोष त्याचा. यंत्राने लिहिलेला मराठी मजकूर आता टोपल्यांनी ओतता येतो, तेव्हा हा धोका मराठीपासून फार दूर नाही.

काम कसं चालतं हे पाहायचं असेल तर मराठी विकिस्रोतावर जावं. स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची छायाचित्रित पानं एका बाजूला, यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्राने ‘घ’चा ‘ध’ केलेला असतो, जोडाक्षरं फोडलेली असतात, रफार कुठल्या कुठे गेलेला असतो. माणूस ओळ न ओळ ताडून पाहतो. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. ज्याने पिवळं केलं त्यालाच ते हिरवं करता येत नाही. फडाच्या पंचांनीही मान डोलावली असती असा हा नियम आहे.

एवढं सगळं केवळ हौसेवर चालावं, ही अपेक्षा ज्यांना थोर वाटते त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे पाहावं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड त्यांनी भाषाप्रेमाच्या आवाहनावर काढले नाहीत. नागपुरात रीतसर मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा करत गावोगाव हिंडले, संपादकवर्ग पगारावर ठेवला. ज्ञानाचं काम हे काम असतं, हे त्यांना 1920 च्या आसपास ठाऊक होतं. शेजारच्या गोव्याचंही उदाहरण आहे. गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये चार खंडांचा कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला आणि कोंकणी विकिपीडियाच्या उभारणीत त्याचा आधार झाला.

आता तर खर्चाचं गणितच बदललं आहे. एप्रिल 2025 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सांगितलं की जानेवारी 2024 पासून चित्रं आणि ध्वनिचित्रफिती उतरवून घेण्याचा भार 50 टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत खर्चीक रहदारीतली किमान 65 टक्के यंत्रांची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या लोकांनी फुकट लिहिलेलं उपसून नेत आहेत, आणि त्या उपशाचं बिल देणग्यांतून भरलं जातंय. यावर ‘मग बंद करा, कुंपण घाला’ हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. कुंपणाने कंपन्या थांबत नाहीत. त्यांच्याकडे कुंपण ओलांडायला पैसा आहे. अडतो तो बीडमधला विद्यार्थी. टोर्बेलच्या गावकऱ्यांनी कुरण बंद केलं नव्हतं, जास्त गाई नेणाऱ्याला दंड लावला होता. जो जास्त उपसतो त्याने गाळ काढायचा खर्च जास्त द्यावा, हा नियम सॉफ्टवेअरलाही चालेल. जर्मनीने 2022 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. भारतात झिरोधा या शेअरदलाली कंपनीने 2024 मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा असाच निधी जाहीर केला. कंपनी ज्या खुल्या साधनांवर उभी आहे त्यांच्याबद्दलची ती परतफेड. बाकीच्या भारतीय कंपन्या त्याच साधनांवर उभ्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना अजून परतफेड सुचलेली दिसत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. आता महाराष्ट्र सरकारने दोन कामं करावीत. राज्याच्या पैशातून तयार झालेली पुस्तकं, कोश, गॅझेटियर खुल्या परवान्याखाली द्यावीत. फुकट उतरवून घेता येणं वेगळं आणि सुधारून, शोधता येण्याजोगं करून पुन्हा वापरायची मुभा असणं वेगळं; ती मुभा स्पष्ट शब्दांत दिली नाही तर सरकारी ग्रंथावर प्रकाशनानंतर साठ वर्षं सरकारचाच हक्क राहतो. आणि जिल्हा ग्रंथालयांत, विद्यापीठांत हा मजकूर तपासणारी, फॉन्ट आणि कोश सांभाळणारी माणसं पगारावर नेमावीत. पहिल्या कामाला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. दुसऱ्याला अर्थसंकल्पात तरतूद लागते, आणि ती मागणारे दहा लाख मेल मंत्रालयाकडे अजून गेलेले नाहीत.